कलशेट्टी सरांचं शेवटचं वर्ष

कलशेट्टी सर वर्गात आले की आधी पंखे आणि दिवे बंद करायचे. सोलापूरचा उन्हाळा, वरच्या मजल्यावरचा वर्ग, बाकाला बाक चिकटलेला. आम्ही वह्यांनी वारा घेत कुरकुरायला लागलो की ते शांतपणे विचारायचे, "काय झालं?"

कुणीतरी म्हणायचं, "लाईट गेली, सर."

"गेली न्हाई, मी घालवली. गेली आणि घालवली ह्यातला फरक कळला की अर्धे इंजिनिअर झालात तुम्ही."

मग बटणं दाबून ते खडू उचलायचे.

माझं गाव माळशिरस तालुक्यातलं, घरी मेंढरं. इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या आप्पांनी वस्तीवर सांगून टाकलं होतं की पोरगी आता विहिरीवरची मोटार घरच्या घरी दुरुस्त करणार. मला मात्र पहिल्या महिन्यात वर्गातलं काहीच कळत नव्हतं. सगळं इंग्रजीत. एकदा सरांनी मला प्रश्न विचारला आणि मी नुसती उभी राहिले. तास संपल्यावर त्यांनी बोलावलं. वाटलं, आता बोलणी बसणार.

"माझी आई कन्नड बोलायची, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी," ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी आधी मुकाच होतो मी. भिऊ नको तंगी. आधी मराठीत समजून घे, इंग्रजी मागनं येतंय."

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. अक्कलकोटच्या पलीकडे अगदी सीमेवर त्यांचं गाव होतं. मुलींना ते तंगी म्हणत, मुलांना तम्मा. शिकवायचे ते सगळं माणसांतलं करून. "ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोन शेजारणी. मध्ये भिंत हाय, तार कुठं जोडलेली न्हाई. तरी हिच्या घरात काय चाललंय ते तिला कळतंय की!" वर्ग हसायचा आणि हसता हसता समजायचा. मला मशीनची भीती वाटेनाशी झाली ती त्यांच्यामुळे.

तिसऱ्या वर्षी ते पुन्हा आम्हाला शिकवायला आले. एके दिवशी त्यांनी मोटारीचा एक भाग शिकवला. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच, त्याच उत्साहाने, त्याच उदाहरणांसह. मागच्या बाकांवर खसखस पिकली. कुणी म्हणालं, सर आपली परीक्षा बघतायत.

त्याच आठवड्यात महांतेशने त्यांना पार्किंगमध्ये पाहिलं. महांतेश आमच्याच वर्गातला, सरांच्या तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा. सर हातात किल्ली घेऊन स्कूटरच्या रांगेतून फिरत होते. आपली गाडी कोणती हे त्यांना आठवत नव्हतं. महांतेशने गाडी काढून दिली आणि आम्हाला येऊन सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग एकदा फळ्यावर आकृती काढता काढता सर थांबले. शब्द सापडत नव्हता. खडू हातात तसाच. थोड्या वेळाने ते बोलू लागले ते कन्नडमध्येच. "रोटर हिंद उळितद..." वर्ग एकमेकांकडे पाहू लागला. महांतेश उठून उभा राहिला आणि जणू रोजचंच असावं तसं म्हणाला, "सर म्हणतात, रोटर मागं राहतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्राला तो कधीच गाठत नाही." सर मान हलवत पुढे बोलत राहिले. महांतेश मराठीत सांगत राहिला, आम्ही लिहून घेत राहिलो.

कुणी कुणाला सांगितलं नाही, पण वर्गाचं ठरून गेलं. कॉलेज भरण्याआधी आम्ही जमायचो आणि राहिलेला अभ्यासक्रम एकमेकांना शिकवायचो. सरांच्या तासाला मात्र एकही बाक रिकामा नसायचा. तेच ते शिकवलं तरी पहिल्यांदा ऐकतोय असे बसायचो. तक्रार गेली तर सरांची नोकरी जाईल, ही भीती सगळ्यांनाच होती.

हे वर्षभर चाललंही असतं. पण मशीन लॅबमध्ये ते चालणार नव्हतं.

त्या दिवशी थ्री फेजच्या मोटारीची चाचणी होती. जोडणी तपासताना सर मला म्हणाले, "ती वायर ढिली हाय, घट्ट कर." मी पाना घेऊन वाकले. सर वळले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विचला हात घातला.

"सर, ब्याड!" महांतेश कन्नडमध्ये ओरडला. नको!

सरांचा हात तिथेच थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं. माझी बोटं अजून तारेवरच होती. ते स्टुलावर बसले.

"हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?"

मी पाना खाली ठेवला.

"सांग तंगी. मीच सांगितलं होतं का?"

"व्हय, सर."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग उठले आणि प्राचार्यांच्या खोलीकडे चालू लागले. आम्ही मागोमाग धावलो. जिन्यापाशी महांतेश आडवा आला. "सर, आम्ही सांभाळून घेतो. लॅबला आम्ही बघतो. राहू द्या, सर."

"किती दिवस सांभाळताय?" सर म्हणाले. "मला कळत न्हाई असं वाटलं का तुम्हाला? सकाळी येऊन शिकताय, आणि माझ्यासमोर नवं असल्यासारखं बसताय. मी काल काय शिकवलं ते विसरतो रे, तुमची तोंडं न्हाई विसरत अजून. लई मोठं मन तुमचं. पण आज ह्या पोरीचं काय झालं असतं?"

महांतेश बाजूला झाला. सरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही.

सर वारले त्याला आता वर्ष होत आलं. ते जाण्याच्या काही महिने आधी मी आणि महांतेश त्यांना भेटायला त्यांच्या गावी गेलो होतो. मला तेव्हा सबस्टेशनवर नोकरी लागली होती, ते सांगायचं होतं. सरांच्या बायकोने दारातच सांगितलं, "आता त्यांना मराठी समजत न्हाई ओ. आईच्या भाषेत गेलेत परत."

सर ओसरीवर बसले होते. अंगाने अर्धे झालेले. मी पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला तो परक्या पाहुण्याला देतात तसा. मी मराठीत सांगायचे, महांतेश कन्नडमध्ये सांगायचा. मी विजेचं शिकले, मोठ्या सबस्टेशनवर काम करते, हे ऐकून ते जरा पुढे सरकले. माझ्याकडे नीट पाहत त्यांनी काहीतरी विचारलं. महांतेश खाली बघत राहिला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, ते शिकायला लई अवघड असतं. तुला शिकवणारे चांगले मिळाले होते का?"

मी जोरजोरात मान हलवली.

"मिळाले होते, सर," मी म्हटलं. "लई चांगले."

महांतेशने ते सांगितलं. सरांचा चेहरा खुलला. एका अनोळखी पोरीचं भलं झालं म्हणून माणूस जेवढा खूश होईल, तेवढे ते खूश झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छलो आतु."

बरं झालं.