धूर पाहणारी बाई

एका शेगडीसाठी मी अनोळखी बाईशी खोटं बोललो. कारधा गावातल्या वेल्डरकडे लोखंडी ड्रम कापून केलेली, झाकणाची एकच शेगडी उरली होती. रविवारी जावई पहिल्यांदाच यायचे होते आणि अंगणात मासे भाजण्याचं मी कबूल करून बसलो होतो. वेल्डर जेवायला गेला होता. मी वाट पाहत असताना ती आली.

तिनं पदर खोचला, धानाची मूठभर ओलसर तणीस, म्हणजे पेंढा, ड्रममध्ये पेटवली, झाकण लावलं आणि धूर कुठून निघतो ते पाहत वाकून सगळीकडून फिरली.

"गिऱ्हाइकाले तवाच्या तवा भाजून द्या लागते," ती माझ्याकडे पाहून हसली, "अन् उरली मासोळी धुरावर ठेवा लागते. नाईतं सकाळी फेकाच लागते. हे दोनीले चालते."

ती घेणार, या भीतीनं मी पुढे झालो.

"ताई, माझ्याकडे अशीच होती. महिन्यात तळ गळाला."

तिचा हात झाकणावरून निघाला. "बरं झालं जी भाऊ, सांगतलं. फसलीच असती मी." जाताना तिनं आत पाणी टाकून विस्तवही विझवला.

वेल्डर आला, पण माझ्यानं शेगडी उचलवेना. ती उद्याही मासे फेकेल, आणि तेही मला दुवा देत, एवढंच डोक्यात येत होतं. मी तिच्यामागे धावलो. पुलाजवळ ती भेटली.

"ताई, माझ्याकडे तशी शेगडी कधीच नव्हती. मला हवी होती, म्हणून खोटं बोललो. ती तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. मला माफ करा."