मेन स्विच आत हाय

अतिवाडकर सरांच्या सोबतीत मी कधी गरम चहा प्यालो नाही. कप हातात आले की ते तळवा उभा करायचे. "आधी बगा. नुसतं बगा. आपण बगितलं की पदार्थ बदलतोय." मग सगळी मंडळी कपात डोळे लावून बसायची. पदार्थ बदलायचा, हे खरं. गार व्हायचा, वर साय धरायची. सर ती साय बोटानं बाजूला सारून एका घोटात चहा संपवायचे आणि विचारायचे, "चव आली का न्हाय?" आली नाही असं कुणी म्हणत नसे. मीही नाही.

हा माणूस मला पहिल्यापासून आवडला नाही. गेलेल्याबद्दल चांगलं बोलायची रीत आहे, म्हणून शोकसभेत मी तोंड मिटून बसलो. पण तोंड मिटून बसण्यानंच माझ्या हातून जे व्हायचं ते झालं आहे, तेव्हा आता लिहितोच.

सर मूळचे निपाणीचे. वीजखात्यातून निवृत्त होऊन खासबागेत लेकीकडे राहायला आले आणि दर गुरुवारी तिथल्या एका हॉलमध्ये ध्यानाचा वर्ग घेऊ लागले. खांबासारखे ताठ, आवाज खणखणीत. गुडघा दुखू दे, मुलीचं लग्न अडू दे, मुलगा कन्नडच्या पेपरात नापास होऊ दे, त्यांचं उत्तर ठरलेलं: "मेन स्विच आत हाय, तुमी बल्ब बदलत बसलायसा." हेच ते कन्नडमधूनही तितक्याच झोकात सांगत. इलेक्ट्रॉनबद्दल तर असे बोलायचे, जणू तो त्यांच्या शेजारी वाढलेला. "लई लाजाळू हाय त्यो. बगितलं की वागणं बदलतंय त्याचं."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्गात माझ्यासमोर मुलं जांभया देतात. सरांच्या हॉलमध्ये माणसं श्वास रोखून ऐकत होती. एकदा त्यांनी मला प्रयोग दाखवायला बोलावलं आणि मी गेलो. गेलो, कारण मला ती माणसं हवी होती. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रयोग साधा. काजळी धरलेल्या काचेवर ब्लेडनं दोन बारीक रेघा ओढायच्या, त्यातून लेझरचा प्रकाश सोडायचा. भिंतीवर दोन नाही, पट्ट्यांची ओळच उमटते. पण त्याआधी सत्कार झाला. आमच्याकडे पाहुण्याला फेटा बांधतात, आणि फेटा बांधलेला माणूस यजमानाला खोटं पाडत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण खोटं पाडताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. कंग्राळीहून आलेली माझी आक्का, माझी थोरली बहीण, पहिल्याच रांगेत बसली होती. भावाच्या फेट्याकडे बघून तिनं दोनदा पदरानं डोळे पुसले.

पट्टे उमटले. सर माईकवर म्हणाले, "आता उजेडाचा एकेक कण कुठल्या रेघेतनं जातोय ते बगायला गेलं, की हे पट्टे जात्यात. म्हंजे काय? मन पदार्थाला वळवतंय. व्हय का न्हाय, प्राध्यापक?"

उत्तर मला पाठ होतं. तिथलं बघणं म्हणजे यंत्रानं नोंद घेणं. खोलीत माणूस नसला, ती नोंद कुणी कधी वाचली नाही, तरी पट्टे जातात. मनाचा त्यात काडीचा संबंध नाही. सांगायला दोन मिनिटं लागली असती. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो."

आक्काला काचबिंदू होता. डोळ्यात रोज थेंब घालायचे, जन्मभर. थेंबांनी बरं वाटत नाही आणि बंद केले तर दुखतही नाही, नजर कडेकडेनं गुपचूप जात राहते. त्या दिवसापासून ती वर्गाला जाऊ लागली, आणि सरांनी तिला सांगितलं, "थेंब भाईरनं, लक्ष आतनं. आतनं चालू झालं की भाईरचं कशाला?" ती थेंबांच्या वेळेला डोळे मिटून बसू लागली. मला बोलली नाही. तिनं तरी मला काय विचारायचं होतं? मी हो म्हणालोच होतो. पुढं एका सकाळी तिच्याकडे गेलो, तर ती माझा चहा कपाच्या शेजारी ओतत होती.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. मी तसाच खासबागेला गेलो.

"सर, आक्काची नजर गेली."

त्यांनी डोळे मिटले. "मनात संशय आला असंल. संशय आला की सर्किट तुटतंय."

"थेंब तुम्ही बंद करायला लावलेत."

"मी साधा वायरमन, प्राध्यापक. फिजिक्सचं तुमीच व्हय म्हणालासा की."

लबाडी म्हणून नव्हे, अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. लबाड असते तर मला त्यांचा सुखानं राग करता आला असता. यानंतर वर्षाच्या आतच ते हृदयविकारानं गेले.

वर्ग बंद पडेल असं वाटलं होतं. पडला नाही. आता सरांचं जुनं भाषण मोबाईलवरून स्पीकरला जोडून लावतात. आक्का अजून जाते. मी एकदा चिडून म्हणालो, "अजून कशाला जातेस तिथं?"

"गप बस. अंधारात बसायला त्यांनीच शिकवलं मला. तू काय शिकवलास?"

एकटीला जाता येत नाही, म्हणून दर गुरुवारी मीच तिचा हात धरून नेतो. पाठीमागच्या रांगेत तिच्याशेजारी बसतो. परवा नेमकं त्या दिवसाचं भाषण लागलं. स्पीकरमधून सरांचा खणखणीत आवाज आला, "व्हय का न्हाय, प्राध्यापक?" मग जरा वेळ नुसती खरखर. त्या खरखरीत मी कान लावून बसलो होतो. जणू आतला माणूस या वेळी दुसरं काही बोलेल.

"हो."

टाळ्या वाजल्या. आक्का डोळे मिटूनच हसली आणि चाचपत माझा हात शोधून म्हणाली, "तुझा आवाज न्हवं का रं ह्यो?"

"व्हय," मी म्हणालो. "माझाच."