मिस्टला वास येतो

सोमवार ते शुक्रवार मी मिल्टन कीन्समध्ये सॉफ्टवेअर लिहायचो आणि शनिवार-रविवार आर्मी रिझर्व्हमध्ये सिग्नलर, म्हणजे रेडिओ सांभाळणारा, असायचो. त्या मार्चमध्ये वेल्सच्या डोंगरांत जर्मन तुकडीबरोबर पंधरा दिवसांचा सराव होता. रोज ०६०० ला रेडिओ चेक, मग चहा, मग चिखल. जर्मनांचा कॉर्पोरल येन्स हा शेतकऱ्याचा मुलगा. इंग्रजी बेताचं, हिंमत भरपूर.

दहाव्या दिवशी मी टेकडीवर रेडिओपाशी असताना ०९४० ला खालच्या खोऱ्यात आमची एक गाडी उलटली. लान्स कॉर्पोरल केटचा पाय खाली चिरडला. बरोबरच्या येन्सने तिला बाहेर काढलं आणि पट्टा आवळून रक्त थांबवलं. मेडिकने बजावलं, तासाभरात हॉस्पिटल गाठलं नाही तर पाय जाईल. रस्त्याने दोन तास लागणार होते, म्हणून हेलिकॉप्टर मागवलं.

“येन्स, लँडिंग साइट कशी आहे? ओव्हर.”

“मिस्ट. फुल ऑफ मिस्ट. ओव्हर.”

इंग्रजीत मिस्ट म्हणजे धुकं. आमच्या टेकडीवर ते दाटलंच होतं, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. पायलट म्हणाला, “सॉरी, धुक्यात उतरता येणार नाही.” ते मी येन्सला कळवलं.

येन्स भडकला. “धुकं? मिस्टला नुसता वास मारतोय! ओव्हर.”

धुक्याला वास? माझी ट्यूब पेटली.

“पलीकडचं कुंपण दिसतंय? ओव्हर.”

“क्लिअर! मेंढ्यासुद्धा मोजतो. ओव्हर.”

जर्मनमध्ये मिस्ट म्हणजे शेणखत. शेतात ते ताजं पसरलं होतं, हेलिकॉप्टरच्या पंख्याने उडेल, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी पायलटला कळवलं. १०१२ ला हेलिकॉप्टर उतरलं. येन्स नखशिखांत शेणाने माखला. केटचा पाय वाचला.

घरी येऊन शब्दकोश धुंडाळले. इंग्रजी मिस्ट आपल्या ‘मेघ’चा नातेवाईक, तर जर्मन मिस्ट ‘मेह’चा, म्हणजे मुताचा. एक ढगातून आलेला, दुसरा गोठ्यातून. पुढे मला मधुमेह झाला, रिझर्व्ह सुटलं. तेव्हा बायको म्हणाली, “अरे, म्हणजे तुझी शुगर आणि येन्सचं शेणखत भाऊबंदच की!” येन्सला फोन करून सांगितलं. तो पोट धरून हसला.

वर्षभराने परदेशातल्या मोहिमेवर सुरुंगाच्या स्फोटात येन्स गेला. केट आणि मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांनी केटला विचारलं, “खांदा देशील? चढ आहे, जमेल ना?”

“जमेल,” ती म्हणाली.

चर्चपासून कबरीपर्यंत ती चालली. मला रडू आवरलं नाही. ती मात्र कुठेही लंगडली नाही.