आमच्या आडनावाची खानेसुमारी

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की गाव कळेल, गाव कळलं की घर कळेल, आणि घर कळलं की जिच्याबद्दल पुढं लिहिणार आहे ती माझी थोरली चुलती काठी टेकत दारात येईल. ज्यांच्या आडनावाची माणसं गावोगाव ढिगानं सापडतात त्यांना ही भीती नसते. ते काहीही लिहोत, कुणा एकावर येत नाही. आमच्यात मात्र कुणी शिंकलं तरी कोण ते लगेच कळतं.

नेकनूरपासून थोडं आत आमचं गाव आणि गावात आमची नऊ घरं. लहानपणी मला वाटायचं, जगात एवढीच. तहसीलला, दवाखान्यात, शाळेत, कुठंही आडनाव सांगितलं की समोरचा माणूस जरा थबकायचा. नाव त्याला नीट ऐकू आलेलं असायचं, जात तेवढी ऐकू आलेली नसायची. मग तो मऊ आवाजात विचारायचा, "म्हंजी मूळचे कुठले तुमी?" वडील म्हणायचे, "हितलेच." "तसं न्हाई. पाव्हणे कुठले तुमचे?" मग वडील आपलं आजोळ सांगायचे, सासुरवाड सांगायचे, बहिणी दिलेली गावं सांगायचे, आणि तेव्हा कुठं त्या कारकुनाचा जीव भांड्यात पडून तो पेनाचं टोपण काढायचा. वडिलांना यात काही वाटत नसे. मला फार राग यायचा. आपल्याला मूळ नाही म्हणजे आपण कुणीतरी वाटेत टाकून दिलेले आहोत, असं मला वाटायचं, आणि हे वाटणं पुढं शिक्षकाच्या नोकरीत पस्तीस वर्षं टिकलं.

निवृत्त झाल्यावर मला काहीच काम उरलं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत. मतदार याद्यांच्या कामासाठी जन्मभर दारोदार फिरलेला मी, याद्या करायची खोड काही गेली नव्हती. त्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला सिरसाळ्याला गेलो आणि तिथल्या बाजारात श्रद्धांजलीचा एक मोठा फ्लेक्स पाहिला. वर मृताचा फोटो, खाली 'शोकाकुल : समस्त परिवार', आणि परिवाराच्या आधी चक्क आमचं आडनाव. त्या दुःखद प्रसंगी मला झालेला आनंद शब्दांत सांगण्यासारखा नाही. जेवण टाकून मी रिक्षा केली आणि पत्ता विचारत त्यांच्या वस्तीवर पोचलो.

वस्तीत एकवीस घरं होती, त्यातल्या निम्म्यांना कुलूप. माणसं टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली. एका ओसरीवर ऐंशीच्या घरातले एक आबा बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं कोयता सुटलेला, म्हणून गावात राहिलेले. त्यांनी विचारलं, "कोण म्हणायचं?" मी आडनाव सांगितलं. आबांनी मला खालपासून वर पाहिलं आणि म्हणाले, "ते तर माझं हाय. तुमी कुठून आनलं?"

त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली. महिन्यातून एकदा तरी मी तिकडं जायचो किंवा ते फोन करायचे. ते मला गुर्जी म्हणायचे. दोघं मिळून आम्ही खानेसुमारी पुरी केली. आमची नऊ, त्यांची एकवीस, पुण्याकडं कारखान्यात गेलेली दोन, आणि एसटीचा एक कंडक्टर, ज्याला मी त्याच्या छातीवरची पट्टी वाचून भर गाडीत मिठी मारली होती. इतकीच आमची लोकसंख्या. एका लग्नाच्या पंगतीत सगळं आडनाव बसून वर चार पत्रावळी उरतील.

संख्या झाली, मग मुळाची भूक लागली. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आम्ही ऋषी नव्हतो म्हणून मी शोधायला घेतलं. शोधून काही सापडेना, तेव्हा मी ते लिहून काढलं. 'आपल्या कुळाचा इतिहास', पानं चोवीस. त्यात पान सातवर दोन सख्खे भाऊ होते. दुष्काळात ते गुरं घेऊन निघाले, एक नेकनूरच्या बाजूला पाणी बघून थांबला, दुसरा तसाच पुढं सिरसाळ्याकडं गेला. पुरावा काय, तर दोन्हीकडचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. मराठवाड्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो तुळजापूरची भवानी कुलदैवत असलेल्या माणसालाच लागेल, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आमच्या नऊ घरांना पुस्तिका आवडली, दुसरा भाऊ आवडला नाही. आमच्याकडं थोड्याफार जमिनी, एकदोघं सोसायटीत निवडून आलेले. चावडीपुढं एक चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "कोयता घिऊन जानारी मानसं आपली कावून असतेल बे?" त्याचा आजा स्वतः कोयता घेऊन जायचा, हे मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं. मग तो चावडीवरून उठून गेला. मी मात्र इरेला पेटलो. ती माणसं आपलीच, हे सिद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरवलं.

संधी लवकरच मिळाली. पुढच्या वर्षी आबांची बायको वारली. आमच्याकडं भाऊकी कुणाशी, हे पुस्तकावरून ठरत नाही, सुतकावरून ठरतं. ज्याच्या घरच्या मरणाचं सुतक आपल्याला येतं तो भाऊबंद, मग त्याच्याशी बोलणं असो वा नसो. दारोदार ठाण मांडून मी नऊही घरांना दहा दिवसांचं सुतक धरायला लावलं. देवपूजा बंद, तळण बंद, गोड बंद. मोठ्या आईच्या, म्हणजे त्या थोरल्या चुलतीच्या नातवाचं जावळ ठरलं होतं, तेही पुढं ढकललं. नेकनूरच्या बाजारात बसून मी डोकं आणि मिशा उतरवल्या आणि दहाव्याला तसाच सिरसाळ्याला गेलो. ती सारी वस्ती माझ्या गुळगुळीत डोक्याकडं बघत राहिली. आबा माझा हात धरून बसले. आमच्या आडनावाचे तुकडे मी जोडले, या खुशीत मी घरी आलो.

त्या दहाव्याला सोबत माझी मुलगीही आली होती. बीडला औषधाच्या दुकानात नोकरी करते. आल्यागेल्याला पाणी देण्याचं काम तिच्याकडं होतं, आणि पाण्याची घागर आणून ठेवायचं काम आबांच्या नातवाकडं. तो परळीला जनावरांच्या दवाखान्यात आहे, शांत, कामाचा पोरगा. मी स्वतःच त्या दोघांची ओळख करून दिली. "हा तुझा भाऊ बरं का," असंही म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दोन वर्षांनी मुलीनं मला सांगितलं की लग्न करीन तर त्याच्याशी. मी म्हणालो, एका आडनावात लग्न होत नाही, ते भाऊबंद आहेत. तिनं कपाटातून माझी पुस्तिका काढली आणि सातवं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं.

"हे दोन भाऊ कुठल्या कागदात सापडले, पप्पा?"

मी काहीबाही बोललो. जुनी माणसं, मौखिक परंपरा वगैरे.

"कागद दाखवा."

"नाही कागद," मी म्हणालो. "मी लिहिलंय ते."

"मग खोडा."

तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती मला म्हणाली, "एवढी मेहनत करून तुम्ही पोरीसाठी भाऊच शोधलात." गेल्या तीस वर्षांत ती माझ्याबद्दल इतकं खरं कधी बोलली नसेल.

पळून जाणं, कचेरीत सही करणं, हे सगळे रस्ते मुलीला माहीत होते. पण तसं करायचं असतं तर मी तुम्हाला विचारलंच नसतं, असं ती म्हणाली. तिला लग्न आपल्या दारात हवं होतं, आणि मोठ्या आईच्या हातच्या अक्षता हव्या होत्या. मोठ्या आईनं तिला अंगाखांद्यावर वाढवलेलं. ती नाही म्हणाली तर नऊही घरं मांडवात येणार नाहीत, हे आम्ही दोघंही जाणून होतो. मी मोठ्या आईकडं गेलो आणि पुस्तिका खोटी आहे असं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा लिहिलेल्या पुस्तकाला आपल्याच तोंडानं खोटं म्हणताना फार वाईट वाटलं.

"पुस्तक खरं का खोटं मला काय कळतंय," मोठी आई म्हणाली. "मला वाचाय येत न्हाई. पर सुतक तर आमी धरलंतं. जावळ ढकललंतं. तू डोकं केलंतंस. ते खोटं हाय व्हय?"

मी विचारलं, मग यातून वाट काय. तिनं हातातली वात वळून पुरी केली.

"सुतक तुटलं की भाऊकी तुटती. फुडच्या मयताला धरू नगंस. चारचौघात धरू नगंस. मंग मी अक्षता टाकते."

म्हणजे माझ्या मुलीचं लग्न आता सिरसाळ्याच्या कुणाच्या तरी मरणाची वाट बघत थांबलं. तिकडची माणसं काटक. आठ महिने कुणी साधं आजारीसुद्धा पडलं नाही. फोन वाजला की माझ्या मनात काय यायचं ते सांगायची मला लाज वाटते.

आबांना हे सगळं नातवाकडून कळलं होतं. एके दिवशी त्यांनी मला नारायणगडावर बोलावून घेतलं. स्वतः दोन एसट्या बदलून आले. दर्शन झाल्यावर आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी धोतराच्या सोग्यातून फुटाणे काढून मला दिले.

"गुर्जी, म्हाताऱ्या मानसाचं काम हाय म्हने तुमाला."

मी मान खाली घातली. म्हणालो, "आबा, माझंच चुकलं. दोन भाऊ मी मनानंच रचले."

"ते मला पयल्याच दिशी कळलंतं. माझा आजा कर्नाटकातून आल्ता. गुरं कुठली, उपाशी आल्ता."

"मग बोलला का नाहीत?"

आबा फुटाणे खात राहिले. "आमच्या वस्तीला आपलं म्हनत आजपातुर कोन आलं न्हाई. तुमी आला. लबाड बोलत का हुईना, आला. माझ्या म्हातारीसाठी तुमी मिशा काढल्या. मी कशापायी इचारू, खरं का खोटं?"

त्यांनीच विषय संपवला. "माझं सुतक धरू नका. पोरांला सांगून ठिवलंय म्या, गुर्जीला कोनी बोल लावायचा न्हाई."

मी म्हणालो, "आबा, असं काही बोलू नका. तुम्ही नव्वदी गाठणार." हे मी मनापासून म्हणालो, आणि म्हणताना मुलीचं वयही मनात मोजलं. दोन्ही खरं होतं.

आबा पौषात गेले. टोळ्या तोडीवर होत्या, अर्धी वस्ती बाहेर. मी मातीला गेलो. तिरडीला खांदा द्यायला भाऊबंद पुढं झाले तेव्हा पाय आपोआप पुढं पडला. मग थांबलो, आणि पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलो. खांद्याला माणसं कमी पडत होती. आबांचा नातू पुढच्या बाजूला होता, त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, राहू द्या म्हणून. चिता पेटल्यावर सगळ्यांच्या आधी मी तिथून निघालो.

तिसऱ्या दिवशी आमच्या घरी पुरण शिजलं. सकाळी अंघोळ करून मी गावातल्या मारुतीला सर्वांदेखत नारळ फोडला, घरी देवापुढं दिवा लावला, आणि नऊही घरांना जेवायला बोलावलं. कोयत्यावरून बोललेला चुलतभाऊ सर्वांत पहिला आला. "मी पयल्यापास्न म्हनत हुतो, ते आपले न्हाईत," असं तो ताटावर बसता बसता म्हणाला. मी त्याला तूप वाढलं. खुशीनं त्यानं माझ्या मुलीचं अभिनंदनही करून टाकलं.

मोठी आई जेवली नाही. ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि माझ्या ताटाकडं पाहत राहिली. तिला नुसता स्वयंपाक झालेला चालणार नव्हता, घास पोटात जाताना बघायचा होता. मी पोळी मोडली. दूध ओतून ओतून खाली उतरवली. तिकडं आबांच्या घरी चूल थंड होती, शेजारची कुणीतरी भाकरी आणून देत असणार, आणि इकडं त्यांच्या हक्काची नऊ घरं पुरणाच्या ताटावर बसली होती.

ताट संपलं. मोठी आई अजून बसलीच होती. मुलगी पोळ्यांची परात घेऊन माझ्यापुढं वाकली. तिचे डोळे सुजले होते. तिनं विचारलं नाही, मीच ताट पुढं केलं आणि मोठ्या आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आणखी एक वाढ."