बाई यायच्या आणि मी उठून उभी राहायचे

लातूरला मूल चालायला लागलं की त्याला शिकवणी लावतात, असं बाहेरचे लोक चेष्टेनं म्हणतात. त्यात फार खोटं नाही. मीही तशीच वाढले. एका हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेली पोरं, आणि सर दारात दिसले की सगळी एकदम उभी. पुढे भूगर्भशास्त्र शिकायला नांदेडला गेले, तिथेही तेच. सर बाजारात दिसले तरी आम्ही स्कूटीवरून खाली उतरायचो. हे कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. ते अंगातच होतं आणि अंगाबरोबरच ते जर्मनीला आलं.

तिथे मी आपल्याच काळ्या मातीवर काम करायला गेले होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या किती खोल जातात आणि पहिलं पाणी कुठे नेऊन सोडतात, असा विषय. काळी माती शिकायला इतक्या लांब कशाला जायचं, असं माझ्या चुलत्यांनी विचारलंही होतं.

माझ्या प्राध्यापक बाई साठीच्या होत्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, सायकलवर यायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला नावानं हाक मार." मला ते जन्मात जमणारं नव्हतं. मग मी त्यांना काहीच म्हणेनाशी झाले. काम असलं की त्यांच्या समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी मान वर करेपर्यंत थांबायचे. मनात मात्र त्या बाईच होत्या.

पहिलं वर्ष पारखण्याचं होतं. ते त्यांना पसंत पडलं तर पुढची तीन वर्षं पीएचडी, नाही तर गाशा गुंडाळून घरी. म्हणून मी मान मोडून काम करायचे. पण बाई माझ्याशी बोलायच्याच नाहीत. आमची चार जणांची खोली होती. बाई दारातून आत यायच्या, माझ्या टेबलाकडे वळायच्या, मी उठून उभी राहायचे. सर काही सांगतील ते लिहून घ्यायचं, ही आमची रीत, त्यामुळे वही छातीशी धरलेली आणि खुर्ची नीट आत सरकवलेली. बाई थबकायच्या, "बरं, बरं, नंतर बघू," म्हणायच्या आणि पलीकडच्या मुलाकडे जायच्या. तो महाराज पाय लांब सोडून बसलेला. बाई त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकायच्या आणि मग तासभर दोघांचं हसणं, भांडणं, फळ्यावर खरडणं. मला इतका राग यायचा की विचारू नका. राग यायचा आणि मग रडू यायचं. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तूच कायतरी केलं असशील. उगं न्हाई कुणी तसं वागत." आईचा आधार असा असतो.

वर्ष संपत आलं तेव्हा बाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं. "तुझं काम चांगलं आहे. पण मी तुला ओळखतच नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसतं असं दिसतं. तीन वर्षं ज्या माणसाबरोबर काढायची, ते माणूस माझ्याशी वाद घालणारं हवं. आपण तुझ्याकडे मातीचे नमुने घ्यायला जाणार आहोत. तिथून परतताना काय ते ठरवू." आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तुला बोलायचं नसतं म्हणे! बोलायला मिळावं म्हणून मी रोज जिवाचं रान करत होते.

तर अशा रीतीनं बाई जानेवारीत आमच्या घरी लातूरला आल्या. बाबांचं आडत दुकान आहे. त्यांनी त्या दिवशी दुकान भावावर सोपवलं, अंघोळ-पूजा आटोपून कपाळाला ताजी विभूती लावली आणि दारातच हात जोडून उभे राहिले. आईनं ज्वारीच्या भाकरी, दाण्याची चटणी, वरण असं साधंच केलं. बाई खाली मांडी घालून जेवल्या. "बाई लई साधी हाय गं," आई माझ्या कानात म्हणाली. बाईंचं सगळं कौतुक चाललं होतं आणि मी तास मोजत होते, कारण दोन दिवसांनी अर्धापूरच्या केळीच्या रानातले नमुने घेतले की आम्ही परतणार होतो.

जेवणानंतर बाई खुर्चीवर चहा घेत बसल्या. मी आणि बाबा समोर दिवाणावर होतो, आई खाली सुपारी कातरत होती. तेवढ्यात नांदेडहून माझे सर आले. मला भूगर्भशास्त्र त्यांनी शिकवलं, परदेशी जा म्हणून मागे लागले तेही तेच. आता निवृत्त झालेत. बाईंना भेटायचं म्हणून सकाळच्या बसनं निघाले होते. सर दारात दिसले आणि आम्ही तिघं उभे राहिलो. बाबा सरांहून वयानं मोठे आहेत, पण तेही उठले. सर "बसा, बसा" म्हणत राहिले. ते टेकले, त्यांनी पाणी घेतलं, तेव्हा कुठे बाबा बसले. मी तर उभीच होते.

बाई कप हातात धरून हे सगळं बघत होत्या.

मग त्यांनी सरांना विचारलं, "ही विद्यार्थिनी म्हणून कशी होती?" मी दुभाषी. सर खुलले. "बाईंना सांग, अशी पोरगी लाखात एक. पाच वर्षांत एकदा प्रश्न न्हाई, उलट उत्तर न्हाई. मी सांगितलं की लिहून घ्यायची."

सरांच्या लेखी याहून मोठं कौतुक नव्हतं, आणि बाईंना नेमकं हेच नको होतं. थोडं फिरवून सांगावं असं मनात आलं, पण सरांच्या समोर ते तोंडातून निघेना. मी जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे आले तेव्हा तुम्ही सगळे उठलात. का?"

"सर आहेत म्हणून."

"आणि मी आले की तू उठायचीस, ते?"

"तुम्ही बाई आहात म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, आमच्याकडे माणूस असं उठलं की ते निघालेलं असतं. वही घेऊन, खुर्ची सरकवून. मला वाटायचं, मी आले की ही पळते. म्हणून मी जायचे."

मला हसावं की रडावं कळेना. बाबांनी विचारलं, "काय म्हणल्या?" मी सांगितलं. बाबा मांडीवर हात मारून हसले, आईही हसली. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं, बाईंना कसं माणूस हवंय, काय ठरायचंय ते. मग खाली बघत म्हणाले, "बाईंना सांग, हिच्याकडं प्रश्न लई होते. तोंड उघडायची, मी म्हणायचो परीक्षेला येत न्हाई, लिहून घे. चूक माझी हाय. मी हिला काहीच शिकवलं न्हाई."

हे मला सांगता येईना. बाई वाट बघत होत्या. मी बाईंकडे पाठ केली आणि सरांना म्हणाले, "न्हाई सर. हे चूक आहे."

"काय चूक?"

"काहीच शिकवलं नाही, हे. गोदावरीच्या काठाला तुम्ही आम्हाला रविवारी न्यायचात. हातानं माती उकरायला लावायचात. तुम्ही चप्पल काढून चिखलात उभे राहायचात."

"ते सिलॅबसमधी नव्हतं."

"नव्हतं म्हणूनच तर. तेवढ्यासाठीच मी ह्या विषयात आले."

"वर्षातून दोन रविवार. बाकी सगळ्या नोट्स. मला म्हाईत हाय मी कसं शिकवलं ते," सरांचा आवाज चढला.

"तुम्हाला माहीत नाही, सर," माझाही चढला. "बाकावर मी बसले होते, तुम्ही नव्हता."

बाबा पुटपुटले, "अगं, सरांशी बोलायलीस तू." मी थांबले नाही. जे खोटं आहे ते मी सरांना स्वतःबद्दल म्हणू देणार नव्हते. सर एकदा खिडकीकडे बघत, एकदा माझ्याकडे. शेवटी चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं. तुझं खरं."

बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तू त्यांच्याशी वाद घातलास?"

"हो."

"जिंकलीस?"

"हो."

बाई बाबांकडे वळल्या. "वडिलांना सांग, पुढची तीन वर्षं तुमची मुलगी मला हवी आहे."

मी सांगितलं. सर खुर्चीतून पुढे वाकून "शाब्बास" म्हणाले. बाबांनी मान हलवली, हसायला गेले आणि नुसतेच आईकडे बघत राहिले. आईच्या हातातला अडकित्ता थांबला होता.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "म्हंजे दिवाळीला बी न्हाई?"

ती काय म्हणाली असं बाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, तिला आनंद झालाय.