दोन प्रोसेसर आणि बाबांचा तक्ता
ड्रॉवर आवरताना बाबांचा आलेख कागद सापडला. एका रविवारी दोन बस बदलून ते कात्रजहून मांजरी भागातल्या माझ्या फ्लॅटवर तो घेऊन आले होते. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाने दोन प्रोसेसरची किंमत, वेग, तापणं, सगळं तक्त्यात मांडलं होतं. "नव्या कॉम्प्युटरला यातला कोणता घेऊ?" मोबाइलमधून डोकं न काढता मी म्हणालो, "कोणताही घ्या. एवढ्यासाठी कशाला आलात? फोन करायचा ना!" "फोनवरही तू हेच म्हणतोस," म्हणत त्यांनी चहा संपवला आणि ते निघाले, कागद राहिला. कॉम्प्युटर त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही. आज तो कागद पहिल्यांदाच नीट पाहिला. स्वस्तातल्या प्रोसेसरवर पेन्सिलीची खूण आधीच केलेली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दुकानात बरोबर येतोस का, विचारणे.'