अगम्मा

फाटकाची कडी काढली तरी त्या लगेच बाहेर पडत नसत. एक पाय रस्त्यावर, एक आत, मान अर्धवट मागं वळलेली, अशा थोडा वेळ उभ्या राहत. मग आतून हाक यायचीच. "अगं, कोडे तगोंड्या?" म्हणजे छत्री घेतलीस का. आभाळ लख्ख असलं तरी यायची. छत्री नसेल तर चष्मा, चष्मा नसेल तर चावी. बायको बाहेर पडताना पाद्रीसाहेबांना काहीतरी आठवायचंच. त्या "हूं" म्हणायच्या आणि चालू लागायच्या.

अशी जोडपी तुम्हीही आपल्या गल्लीत पाहिली असतील. पण या हाकेत एक गंमत होती. पाद्रीसाहेब कोलारकडचे, घरात तेलुगू, प्रवचन कन्नडमध्ये. बाई सोलापूरच्या. सरकारनं भाषेप्रमाणे राज्यं वेगळी केली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत या दोघांनी लग्न करून म्हैसूरला बिऱ्हाड केलं. संसार चालला तो थोडा इंग्रजीत, थोडा कन्नडमध्ये. बायकोच्या भाषेतला एकच शब्द नवऱ्यानं उचलला होता, "अगं". त्याच्यापुढं ते वाटेल त्या भाषेचं शेपूट जोडत.

त्यांच्या पंथात बाप्तिस्मा देताना डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही, माणसाला सबंध बुडवून काढतात. त्यासाठी मंडळी श्रीरंगपट्टणला कावेरीवर जायची. साहेब कमरेइतक्या पाण्यात आणि बाई काठावर कोरडे टॉवेल घेऊन. एकदा असंच एकाला बुडवून काढलं, सगळी मंडळी मान खाली घालून प्रार्थनेत, आणि साहेब पाण्यातून ओरडले, "अगं, टॉवेल!" तो माणूस कुडकुडत काठावर आला आणि टॉवेल घेऊन मोठ्या भक्तिभावानं म्हणाला, "थँक्स, अगम्मा." बिचाऱ्याला वाटलं, बाईंचं नावच ते. तेव्हापासून त्या चर्चच्या अगम्मा, शाळेच्या अगम्मा टीचर आणि दूधवाल्याच्याही अगम्माच झाल्या. खरं नाव कागदोपत्री उरलं. ही गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली आणि सांगताना पोट धरून हसल्या.

मी त्यांच्याकडे दुसरीत होतो. मूल शाळेत दिसलं नाही की संध्याकाळी त्या त्याच्या घरी हजर. मग ते घर कुणाचंही असो. त्या दारात आल्या की ओट्यावर पत्ते कुटणारे बाप पानं लपवून उठून उभे राहत. बायका पदर सावरत. त्या बसल्याशिवाय कुणी बसत नसे आणि त्या बसल्यावरही बहुतेकजण उभेच राहत.

आमच्या घरी मात्र त्या मुद्दाम येत, मराठी ऐकायला. आता आमची मराठी ती काय! पूर्वज कधीतरी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. आमच्या बोलण्यात निम्मं कन्नड. आई म्हणायची, "टीचर, आज बेगा आला?" त्या म्हणत, "बेगा नाही हो, लवकर." असं काही वर्षं चाललं. मग एके दिवशी त्याच उठता उठता म्हणाल्या, "बेगा निघते आज." आई म्हणाली, झालं, आता तुम्ही आमच्यातल्या.

पाद्रीसाहेब गेले तेव्हा सारं गाव लोटलं होतं. मूलबाळ नव्हतं. नवे पाद्री आले, तसं बाईंनी घर सोडलं आणि चर्चच्या आवारातल्या एका खोलीत राहायला गेल्या. त्या खोलीला फाटक नव्हतं. पण कुलूप लावून झालं की त्या तिथंही थांबत, मान तशीच अर्धवट वळलेली. आत कोण असणार? कुलूप तर त्यांनीच लावलेलं. मला ते बघवत नसे.

एका दुपारी आई आणि त्या अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, तुमच्याकडे एक मागायचं आहे. आईला वाटलं, शेंगाच हव्यात.

"मला कधीतरी 'अगं' म्हणाल का? आदर पुष्कळ झाला. हाक मारणारं कुणी नाही."

आई त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, तरी गडबडली. "चर्चच्या अम्मावरु तुम्ही, वर ह्याच्या टीचर. तोंडातनं येतच नाही हो, एन माडोदु, काय करू?"

तरी तिनं प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा आईनं दम घेतला आणि म्हणाली, "अगं टीचर, काफी घेता का हो?" आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या, मग पदरानं डोळे पुसत राहिल्या, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं एवढं आम्हाला कळलं. आईनं पुन्हा तो नाद केला नाही. त्यांनीही पुन्हा मागितलं नाही.

पुढं त्या खूप वर्षं जगल्या. शिकवलेल्या मुलांची मुलं शिकवली. शेवटी दवाखान्यात पडल्या, तेव्हा खाणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. चर्चच्या बायका पेला धरून विनवत, "अगम्मा, स्वल्प कुडीरि." थोडं प्या म्हणून. नर्स विनवायची, तेव्हाचे पाद्री विनवायचे. ओठ काही उघडत नव्हते. मी आईला घेऊन गेलो. एव्हाना तीही काठी टेकत चालत होती. तिनं तांदळाची पातळ पेज नेली होती. चमचा धरून तिचा हात दुखायला लागला आणि ती चिडली.

"अगं, किती छळशील? तोंड उघड बघू."

त्यांची मान वळली. अर्धवटच, फाटकाशी वळायची तशी. म्हणाल्या, "हूं." आणि वाटीभर पेज प्यायल्या. त्या संध्याकाळी आई त्यांना अगं-तुगंच करत राहिली, केस विंचरताना रागावलीसुद्धा. घरी येताना मात्र रिक्षात रडली. एवढंच मागत होती रे, म्हणाली.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. थडग्यावर काय कोरायचं म्हणून चर्चचे वडीलधारे आमच्याकडे आले. खरं नाव घालावं असं त्यांचं मत, ते बायबलातलं होतं आणि सुंदर होतं. आई म्हणाली, त्या नावानं त्यांना कुणी बोलावलं होतं का? लोक बोलवायचे तेच घाला. त्यांनी विचारलं, मराठीत अगम्माचा अर्थ काय होतो? आईनं थोडा विचार केला. अर्थ काही नाही म्हणाली, घरचं माणूस हाक मारतं ना, तेवढंच.

साहेबांच्या शेजारी दगड आहे, कन्नड अक्षरांत. येणारेजाणारे सबंध नाव वाचतात आणि हात जोडतात. मी जातो तेव्हा आसपास कुणी नाही ना, एवढं बघून घेतो. कितीही झालं तरी टीचर त्या. मग पहिली दोनच अक्षरं मोठ्यानं वाचतो आणि थोडा वेळ थांबतो.